खांबावरची प्रार्थना

१८ डिसेंबर. माझ्या गिरणीत धान कांडायचं होतं आणि वीज नव्हती. लाईनमनभाऊंना बोलावलं.

ते चहा बशीत ओतून पितात, गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत ठेवतात आणि काम करताना बेसूर गुणगुणतात. पावसाळ्यात शॉक बसल्यापासून मात्र ते खांबावर चढले नव्हते. पुन्हा चढता येईल का, याची त्यांनाच शंका होती.

धुक्यात खांबाचा शेंडा दिसत नव्हता. लाईन बंद असल्याची त्यांनी फोनवर दोनदा खात्री केली, तरी खालीच उभे राहिले.

“काऊन भाऊ, भेव लागते?” मी विचारलं.

“लय लागते, बाई.”

मग वर पाहून, शेजाऱ्याशी बोलावं तसं ते म्हणाले, “प्रभू येशू, तपासाचं तेवढं तपासलं. तरी मन मानून नाई राह्यलं. तू संग चाल, मी चढतो.”

भीत भीतच ते चढू लागले. आधी डोकं, मग पाय धुक्यात विरघळले. नुसतं आभाळच गुणगुणत असल्यासारखं वाटत होतं. ते उतरल्यावर गिरणी सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीकडची वीज गेली. मी तिला भाऊंना बोलवायला सांगितलं.

“तो त भेते ना?”

“भेते,” मी म्हटलं, “पण चढते.” आणि त्यांचा नंबर दिला.