एक खुंटी जास्त

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, कारखान्याच्या सकाळच्या भोंग्याआधी, रुआबांध्याच्या तलावावर सर्व्हेच्या खलाशाला, म्हणजे मोजणीच्या खुंट्या ठोकणाऱ्या मदतनिसाला, कामावरून काढलं. गुन्हा एवढाच, की त्यानं एक खुंटी जास्त ठोकली.

कामगारांच्या क्वार्टरांसाठी तलाव बुजवणं चालू आहे. खलाशी लाल चिंधीची खुंटी ठोकतो, तिच्यापुढे डंपर माती टाकत नाही. पाण्यात तो पाय उंच उचलून अलगद टाकायचा. पावसाळी धुरकट उजेडात तो आणि पानांवरून लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी, दोघं एकाच स्वप्नात चालल्यासारखे दिसायचे.

"मादी अंडी देऊन चालली जाते, बाबू. नरच बसून राह्यते. पिलं बी तोच पंखाखाली घेऊन फिरते," तो मला सांगायचा.

"तुमाले कावून एवढी फिकर, काका?" मी एकदा विचारलं.

"मले बी घरी हेच काम हाय ना!" तो हसला.

त्या सकाळी त्यानं चार अंड्यांच्या अलीकडे खुंटी ठोकली. डंपर थांबले. साहेबांनी विचारलं, तर खोटंही बोलला नाही.

"मीच ठोकली, साहेब. आठ दिवस थांबा ना जी."

साहेबांनी खुंटी उपटायला लावली. माती अगदी जवळ येईपर्यंत नर अंड्यांवरून उठला नाही.

अर्धा तलाव अजून शिल्लक आहे, त्यात घरटी आहेत. उद्या भोंग्याआधी या. प्रत्येकानं एक खुंटी आणा, आणि खलाशी काका दाखवतील तिथे ठोका.