विश्वनाथजींच्या बोलण्याचा अर्थ

इकडे हिंदी मुलखात, आमच्या सोनागिरी वसाहतीत, शेजारी सुधाकर देवताळे राहतात. कारखान्यात तीस वर्षं लेथवर काढली, पण मराठी मंडळात त्यांची ओळख एकच: गायक विश्वनाथजी काय बोलले आणि त्याचा अर्थ काय, हे सांगणारे. गणपतीत आरती झाली की हे खिशातून पेपरचं कात्रण काढणार, हिंदी वाक्य वाचणार आणि कीर्तनकाराच्या थाटात मराठीत निरूपण करणार. मी मंडळाची पेटी वाजवते, त्यामुळे मला उठून जायचीही सोय नव्हती.

दहा वर्षांपूर्वी त्यांची लेक योगिनी एकोणीस वर्षांची होती. गळा असा, की साथ करता करता माझेच हात थांबायचे. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी इंदूरला तिची निवड झाली, मुंबईचं बोलावणं आलं. नेमके त्याच आठवड्यात विश्वनाथजी म्हणाले, स्पर्धा म्हणजे गाण्याची कत्तल. झालं! "हे आपल्या योगिनीसाठीच बोललेत," असा सुधाकररावांनी अर्थ लावला आणि तिकीट रद्द केलं. पोरगी आठ दिवस धड जेवली नाही. मीही गप्प बसले. ते आजही टोचतं.

तीन वर्षांनी तेच विश्वनाथजी त्याच स्पर्धेत परीक्षक म्हणून बसले. नव्या मुलांना दार उघडून देणं हे आमचं कर्तव्यच, म्हणाले. आता तरी या माणसाचे डोळे उघडतील, असं मला वाटलं. कसले!

"आत शिरल्याशिवाय घाण साफ होत नाही, नलिनीताई. इतना तो समझो," सुधाकररावांनी मलाच ऐकवलं. पडलो तरी नाक वर! योगिनी तोवर गाणं सोडून बँकेत लागली होती. पुढे लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोलार रोडला गेली.

गेल्या रविवारी विश्वनाथजींची एक मुलाखत मोबाइलवर आली. पूर्वी तुम्ही स्पर्धांना नावं का ठेवायचात, असं विचारल्यावर ते हसत म्हणाले, "अरे भाई, तब हमें किसी ने बुलाया नहीं था!" मुलाखत घेणाराही हसला. सुधाकररावांनी ते वाक्य तीनदा मागे नेऊन ऐकलं. त्यात अर्थ लावण्यासारखं काही नव्हतंच. मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "योगिनीकडे जायचंय. सोबत येता का? एकट्यानं नाही जमणार."

योगिनीनं पोहे केले होते. सुधाकररावांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. "चुकलं माझं, बेटा. त्यांच्या बोलण्याचा अर्थ मी चुकीचा लावला."

"त्यांचं छोडो ना, बाबा. तेव्हा तुम्हाला स्वतःला काय वाटत होतं?"

सुधाकररावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"मला वाटत होतं, तू जिंकशील."

योगिनीचे डोळे भरून आले. "एवढं तेव्हा म्हणाला असतात ना बाबा, तर मुंबईला नसते गेले तरी गात राहिले असते."