तोरेला लागणारे हात

आमच्या सिनेगॉगमध्ये तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, कातड्यावर लिहिलेला आहे. त्या कातड्याला उघडं बोट लावत नाहीत. वाचणाराही चांदीच्या काडीने ओळ दाखवतो. वाचन संपलं की मखमलीत गुंडाळलेली तोरा लोकांमधून फिरवतात, आणि जो तो हात लांबवून मखमलीला स्पर्श करतो आणि बोटं ओठांना लावतो.

भाऊ गेल्यानंतर मी परवा पहिल्यांदाच तिथे गेलो. माणसं पुढच्यांच्या खांद्यांवरून तोरेकडे हात लांबवत होती. बाजारात चोर समजून जमावाने माझ्या भावाला मरेस्तोवर मारलं, तेव्हाही मागचे असेच पुढच्यांना रेटत होते. प्रत्येकाला आपला एक तरी फटका मारायचा होता. त्याच्या पाठीचं कातडं सोलून निघालं होतं.

तोरा माझ्यासमोर आली. माझी मूठ वळलेली होती.

"लाव हात," शेजारचे शमुवेलकाका म्हणाले.

"काका, मला कुणाला तरी ठेचावंसं वाटतंय."

"ठाऊक आहे. मूठच लाव."

मी मूठ मखमलीवर टेकवली. ती बराच वेळ उघडली नाही, आणि तोरा धरणारा माणूस पुढे न जाता तसाच उभा राहिला.