नानांची फ्लॉपी

पक्षाघाताने नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, वाचा गेली आणि उजवी बाजू गेली. डावा हात तेवढा चालत होता. त्याआधी ते केळीच्या व्यापारात होते. पिंप्राळ्यातल्या आमच्या घरी माणसांचा सतत राबता असायचा आणि बोलण्याचं काम एकट्या नानांचं असायचं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्याला एका कॉलेजात संगणक शिकवत होतो आणि शनिवारी एसटीने घरी यायचो. नानांना काय हवं ते निदान सांगता यावं, यापलीकडे मला त्या दिवसांत दुसरं काही सुचत नव्हतं.

जळगावातल्या एका संगणक क्लासच्या संचालकांनी हार्ड डिस्क गेलेलं एक जुनं यंत्र दिलं. सुरू करताना पडद्यावर क्लासचं नाव यावं, नारळ फुटावा आणि एखादा वार्ताहर हजर असावा, एवढ्याच त्यांच्या अटी होत्या. नाव मी टाकलं. पापणी लवायच्या आत ते जाईल अशी व्यवस्थाही केली. नारळाची आईने चटणी केली. वार्ताहर आला नाही.

हार्ड डिस्क नव्हती, म्हणून सगळं एका फ्लॉपीवरून चालायला हवं होतं. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरचं लिनक्स घेतलं आणि त्यातून एकेक काढत गेलो. नेटवर्क काढलं, प्रिंटर काढला, नाव आणि पासवर्ड विचारणं काढलं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पुन्हा पुन्हा छाटून लहान केला. बाकीचं दाबून भरलं. यंत्र सुरू झालं की ते मेमरीत उलगडायचं आणि तिथूनच चालायचं. वीज गेली तरी बिघडायला काही नव्हतं, आणि वीज तर जायचीच. देवनागरीची सोय नव्हती, म्हणून चौकटीच्या वहीत टिंबं भरून शब्दांची चित्रं काढली: पाणी, औषध, दुखतंय, उठवा, पंखा. शब्द आळीपाळीने उजळायचे. हवा तो उजळला की नानांनी कोणतीही कळ दाबायची. टुंग वाजून तो पडदाभर मोठा व्हायचा.

नाना लगेच शिकले. पण दाबायचे ते 'पाणी'च. आम्ही पेला ओठांशी न्यायचो, ते मान फिरवायचे. एका रविवारी नशिराबादचे त्यांचे एक जुने दोस्त आले. "नाना, तब्येत कशी शे?" म्हणत खुर्चीत टेकतात तोच टुंग. पाणी.

"नानाले पानी दे रे भाऊ," ते मला म्हणाले.

मी पेला नेला. नानांनी तो हाताने ढकलला, पाणी चादरीवर सांडलं, आणि पुन्हा टुंग.

"तुझं यंत्र अटकलं वाटतं," दोस्त हसले.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "त्यांना नको शे पानी," ती म्हणाली. "दारात मानूस आलं, त्याले दे म्हनता ते. केव्हाचे."

दोस्तांचं हसू गेलं. त्यांनी माझ्या हातून पेला घेतला, पुन्हा भरून आणवला आणि नानांच्या देखत सगळा प्यायले. नानांनी क्षणभर डोळे मिटून घेतले.

मी आजारी माणसाचे शब्द भरले होते. आईने घरधन्याचे सांगितले, आणि त्या आठवड्यात धुळ्याला मी नवी फ्लॉपी तयार केली: या. बसा. यांना पाणी द्या. जेवून जा. केळीचा भाव काय? पडद्यावर जागा पुरेना, म्हणून 'दुखतंय' काढून टाकलं. ते त्यांनी एकदाही दाबलं नव्हतं.

शनिवारी घरी पोचलो, तर आदल्या दिवशी दुसरा झटका येऊन गेला होता. डावा हातही आता चादरीवर नुसता पडून होता. ऐकू येत असावं, असं डॉक्टर म्हणाले. मी तरीही फ्लॉपी घातली. शब्द एकामागून एक उजळत राहिले. यंत्र बंद करायला हात नेला, तर आई म्हणाली, "राहू दे."

माणसं येतच होती. आई पडद्याशेजारी उभी राहायची. "ते म्हनता, बसा." मग पाणी आणायची. "ते म्हनता, जेवून जा." पडद्यावर तेव्हा बहुधा केळीचा भाव उजळलेला असायचा. आलेला माणूस पलंगाकडे बघून "हो नाना" म्हणायचा आणि पानावर बसायचा.