सुआमी घर उचलणार

अ‍ॅशबर्नमध्ये मला दोनच कामं होती. भाचीच्या जुळ्या मुली सांभाळायच्या, आणि घाबरायचं. दुसरं काम मला कुणी सांगितलेलं नव्हतं, तरी तेच जास्त नेमाने व्हायचं. फोडणीचा धूर झाला की छताला चिकटलेलं ते यंत्र किंचाळायचं, आणि मला वाटायचं, आता पोलीस येणार, पासपोर्ट बघणार आणि फोडणीसकट मला विमानात बसवणार. माझी शाळा सहावीत सुटली. मला शाळा आवडत नव्हती आणि शाळेलाही मी फारशी आवडत नव्हते, त्यामुळे कुणी रडलं नाही. अशा बाईला भाचीने स्वतःच्या खर्चाने अमेरिकेत आणलं, निराळी खोली दिली. जावई स्वतः भांडी यंत्रात लावायचा आणि वर म्हणायचा, "मावशी, तुम्ही बसा जरा." असं मला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. मी बसायचे, आणि ही बसण्याची सवय यांना महाग पडली तर काय, म्हणून बसल्या बसल्या घाबरायचे.

रोज सकाळी मुलींना जोडगाडीत घालून मी घरांमागच्या बागेत न्यायचे. तिथे ती भेटली. डोक्याला घट्ट फुलाफुलाचा रुमाल, पायांत मोजे आणि मोज्यांवर स्लिपर. ती ज्यांच्याकडे बाळ सांभाळायची ते नवराबायको नोकरीसाठी काही वर्षं इंडोनेशियात राहिले होते. परत येताना बाळाबरोबर तिलाही घेऊन आले. ती माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनीच लहान असेल, पण मला 'इबू' म्हणायची. इबू म्हणजे आई. पहिल्या दिवशी मला राग आला, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं.

आमचं दोघींचं इंग्रजी मिळून एका माणसाचं होत नव्हतं. तिला क्रियापदं येत, मला नावं. बाकीचं हातांनी. तरी गप्पा अशा रंगायच्या की मुली गाडीत झोपून उठून पुन्हा झोपायच्या. तिचं गाव सुलावेसी नावाच्या बेटावर, समुद्राला टेकलेलं. भात, माड, थोडी मासळी. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध, आणि बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली की गावभर शिव्या. ती बोटांनी खेकडा करून दाखवत होती आणि मी हसून लोटपोट. आमच्या कोकणात खारबंधाऱ्याची भोकं बुजवण्यात माझ्या बापाची अर्धी हयात गेली, उरलेली अर्धी चुलतभावाशी भांडण्यात.

मग मी कामाचं विचारलं. जमीन कुणाची?

"जमीन भावाची," ती म्हणाली. "माड आईचे. घर माझं."

"आणि घर आहे कुठे?"

"भावाच्या जमिनीवर."

मी कपाळावर हात मारला. माझ्या माहेरी पडवी चुलत्याची आणि पडवीचा खांब आमचा, एवढ्यावर दोन पिढ्या कोर्टात गेल्या. एका फणसाचे तीन हिस्से. गरे कोणी खाल्ले आणि नुसती चारखंडं, म्हणजे काटेरी सालं, कोणाच्या वाट्याला आली, हे आजही लग्नकार्यात निघतं. म्हणून विचारलं, "भाऊ चांगला आहे ना?"

भाऊ चांगला नव्हता. त्याने ती जमीन कोळंबीच्या तळ्यासाठी विकली होती. भात कापून झालं की खोदायचं यंत्र येणार. तोवर घर तिथून हललं नाही, तर घर गेलं. ते घर तिला बापाने दिलेलं, आत म्हातारी आई, आणि ती इथे व्हर्जिनियात दुसऱ्याच्या बाळाचं नाक पुसतेय.

"मग आता?"

ती अगदी शांतपणे म्हणाली, "सुआमी येणार. चाळीस माणसं. घर उचलणार."

स्वामी! आणि घर उचलणार! आमच्याकडे उचलतात ते पाकीट, नाहीतर सायकल. स्वामी लोक जमिनी उचलतात हेही ऐकून माहीत होतं. आमच्या गावातला एक आला तो चातुर्मासापुरता, आणि आज देवळामागची सगळी पाणंद त्याची आहे. बाई मुसलमान, तिचा स्वामी कसा, असंही आलं मनात. पण आमच्या बायका दर्ग्यात नवस बोलतातच की. भोंदूला सगळे धर्म सारखे.

"स्वामी कुठे राहतो?" मी विचारलं.

"मलेशिया."

बरोबर. हे लोक नेहमी परदेशात असतात.

"तू त्याला किती वर्षं मानतेस?"

तिला 'मानतेस' काही हातांनी कळेना. मी हात जोडून, डोळे मिटून दाखवलं. ती आधी गोंधळली, मग तोंडाला पदर, म्हणजे रुमालाचं टोक, लावून खुदखुदली. "थोडं थोडं," म्हणाली. "त्याला राग येतो. जेवण उशिरा झालं की."

खादाड पण आहे, मी मनात म्हटलं.

चार दिवस मी तिला समजावलं. कागदावर सही करू नकोस. आईला एकटीला त्याच्यासमोर बसवू नकोस. त्याचे चाळीस चेले घरात शिरले की बाहेर निघायचे नाहीत. ती माझा हात दाबून म्हणायची, "इबू, सुआमी चांगला." तिच्या डोळ्यांतली ती भक्ती बघून मला रडू यायचं.

शेवटी मी भाचीला गाठलं. ती ऑफिसचं काम घरून करत होती. "तुझ्या त्या कॉम्प्युटरवर तक्रार नोंदवता येते का बघ. मलेशियातला एक बुवा गरीब बाईचं घर उचलतोय."

भाचीने सगळं ऐकलं, काहीतरी टाइप केलं आणि टेबलावर डोकं ठेवून एवढी हसली की जावई खालून धावत आला. "मावशी, यू आर टू मच! अगं, सुआमी म्हणजे नवरा."

"कुणाचा?"

"तिचा! त्यांच्या भाषेत नवऱ्याला सुआमी म्हणतात. आणि ते घर खरंच उचलतात यार, खांद्यावर. हा बघ फोटो."

फोटोत एक लाकडी घर होतं, खांबांवर उभं, खिडक्यांना पडदे. खाली बांबूंची चौकट बांधलेली, आणि बांबूखाली माणसंच माणसं. घराला शंभर पाय फुटलेले. त्यांच्याकडे जमीन स्थावर, घर जंगम. आमच्या घराला अशी सोय असती तर चुलत्याने पडवीपुरतं उचललं असतं.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन माफी मागितली. मी तिच्या नवऱ्याला काय समजत होते हे तिला कळल्यावर ती घसरगुंडीला धरून खाली बसली. मग मात्र खरी काळजी सांगितली. उचलायला लागणारे गडी गावात उरलेच नव्हते. निम्मं गाव तिच्या नवऱ्याबरोबर मलेशियात, पामतेलाच्या मळ्यावर. त्याने मुकादमाकडे रजा मागितलेली, आपल्यासाठी आणि गावच्या गड्यांसाठी. मिळाली तर घर वाचणार. भात तर पिकत आलं होतं.

त्यानंतर मी धूर, पोलीस, पासपोर्ट सगळं सोडून त्या मुकादमासाठी घाबरू लागले. देव्हाऱ्यात त्याला सुबुद्धी मागितली. देव्हारा म्हणजे मायक्रोवेव्हच्या वरची फळी.

एक दिवस ती बागेत आली ती गाडी जवळजवळ पळवतच. सकाळीच फोन झाला होता. तिकडे तेव्हा संध्याकाळ. "इबू, घर गेलं!"

मी त्या मुकादमाला मराठीत एक शिवी हासडली.

"चांगलं गेलं, चांगलं!" तिने हात खांद्यावर मारून दाखवलं. रजा मिळाली. पण माणसं आली सव्वीस. बाकीची बायकांनी आणि शाळेच्या मास्तरांनी भरून काढली. आईला खाली उतर म्हटलं तर ती उतरेना; माझं घर माझ्याशिवाय जात नाही म्हणाली आणि खिडकीत बसून वरून हुकूम सोडत राहिली, डावीकडे, डावीकडे, अरे गाढवांनो! मधे शेतात घर टेकलं, सगळ्यांनी चहा घेतला, पुन्हा उचललं आणि गावाने दिलेल्या मोकळ्या जागेवर नेऊन ठेवलं.

"आणि भाऊ?"

"भाऊ पण आला. खांदा दिला." आणि लगेच पुढे म्हणाली, "नाही दिला, तर गाव थुंकतं."

ज्याने जमीन विकली त्यानेच घराला खांदा दिला. आमच्याकडे असलं काही मी पाहिलं नाही, आणि ते मी तिला सांगणारच होते, तेवढ्यात तिने गाडीच्या दांड्यावर मूठ आपटली.

"मग म्हणाला, दगड माझे."

"कसले दगड?"

खांबांखालचे दगड. प्रत्येक खांब एकेका दगडावर उभा असतो. घर उचललं की दगड जुन्या जागी राहतात आणि मागून न्यावे लागतात. पण जमीन विकली ती दगडांसकट, असं भावाचं म्हणणं. आईचं म्हणणं, दगड घराचे. झालं. सव्वीस माणसं आणि मास्तर घाम पुसत उभे, आणि मायलेक एका दगडाला दोन बाजूंनी धरून.

मी पदर खोचला. गाडीचा ब्रेक लावला, मुली रडत होत्या त्या रडू दिल्या आणि तिच्या शेजारी बाकावर नीट मांडी घालून बसले.

"दगड होते किती?"

"सोळा."

"आणि त्याच्या हाताला किती लागले?"

"एक," ती म्हणाली. "तोही फुटका."