मैलानीच्या छोट्या लाइनवर सिग्नल पडला!

शनिवारी पहाटे पाचला लखनऊच्या गोमती नगरहून कार काढली, तेव्हा बाबा मागच्या सीटवर तोंड पाडून बसले होते. "मला काय दिसणार आहे? तुम्हीच जा," ही टेप आठवडाभर चालू होती.

बाबा अकोल्याकडच्या छोट्या लाइनवर, म्हणजे मीटरगेज रेल्वेवर, ड्रायव्हर होते. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले आणि नोकरीची शेवटची वर्षं टेबलावर काढली. यंदा माझ्याकडे लखनऊला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, नजर उत्तम. पण बाबांचा स्वतःच्या डोळ्यांवर काडीचा भरवसा नाही. सोसायटीच्या गेटबाहेर एकटे पाऊल टाकत नाहीत. मैलानीहून दुधव्याच्या जंगलात जाणारी, पुरात तुटलेली छोटी लाइन पुन्हा जोडली गेल्याचं कळलं आणि मी त्यांना न विचारताच तिकिटं काढली.

जाणार असाल तर धुकं सरल्यावरच जा. सीतापूरला गरम पुरी-आलू खाऊन घ्या. लखीमपूरनंतर उसाच्या ट्रॉल्या हैराण करतात, मैलानीपर्यंत पाच तास धरा. डबा-पाणी सोबत हवंच, जंगलात चहासुद्धा मिळत नाही.

मैलानीहून सुटणारी आमची रेल्वेगाडी म्हणजे मोठ्या काचांचा एकच डबा. पहिलं बाक चालकाच्या अगदी पाठीमागे, त्यामुळे त्याला दिसतो तोच रूळ आपल्याला दिसतो. बाबा आणि माझी दहा वर्षांची इरा तिथे बसले. मी मागे, बाबांच्या मानेकडे बघत.

साल वृक्षांमधून वळण आलं आणि बाबा ताडकन उभे राहिले. "सिग्नल पडला!"

इरा किंचाळली, "अंकल, रोको! सिग्नल गिर गया!"

डब्यात एकच गलका. मागच्या काकूंनी तर देवाचं नाव घेतलं. चालकाशेजारच्या सहायकाने पुढे वाकून पाहिलं आणि म्हणाला, "हाँ सर, डाउन है."

चालक पोट धरून हसला. "अरे बिटिया, गिरा है तभी तो चलेंगे! सिग्नल का हाथ नीचे, मतलब रास्ता साफ." मग मान जरा वळवून त्याने विचारलं, "बाबूजी लाइन के आदमी हैं क्या? हम दोनों से पहले देख लिया आपने."

"ड्राइवर था," बाबा म्हणाले.

त्यानंतर प्रत्येक सिग्नलला सहायकाच्या आधी बाबांचीच हाक जायची. पुरानंतर घातलेल्या नव्या भरावावर गाडी अगदी हळू झाली, खाली पांढरी ताजी खडी. बाबांनी ती इराला दाखवली, पुढची पाटीही वाचून दाखवली. नदीकाठी हरणांचा कळप होता म्हणे, मला आणि इराला दिसला नाही.

रविवारी घरी पोचलो, तर अकोल्याहून बाबांना आईचा फोन. "डोळ्यांना त्रास नाही ना झाला? पुढच्या आठवड्यात घरी परत येताना आपल्या पोरीला सोबत घेऊनच या हं, एकटे निघू नका."

बाबांनी फोन कानापासून दूर धरला आणि मला म्हणाले, "अकोल्याचं तिकीट एकच काढ."