निजल्या निजल्या भरलेली ओटी

डॉक्टर सरोजाम्मांना पंचाहत्तर वर्षं पुरी होतायत म्हणून या पुस्तकात मोठमोठ्या लोकांनी लिहिलंय. मी म्हैसूरच्या अग्रहारातली म्हातारी, शाळा तिसरीपर्यंतच. पण नात म्हणाली, "आजी, माझ्या जन्माची गोष्ट तुझ्याशिवाय कोण सांगणार?" आनंदच झाला मला. पण गोष्ट आनंदाची म्हणावी तर तशी नाही.

सरोजाम्मांची नि माझी ओळख झाली ती रडता रडताच. माझी सून सुमती, तिची दोन बाळं पाचव्या महिन्यात गेलेली. कळ नाही, काही नाही. तिसऱ्या खेपेला पुन्हा पाचवा लागला, आणि एका सकाळी म्हणाली, "आत्या, खाली जड वाटतंय." रिक्षा करून सरोजाम्मांच्या दवाखान्यात नेलं.

त्यांनी तपासलं. "अज्जी, खोटं सांगत नाही. पिशवीचं तोंड उघडलंय, बाळाभोवतीचा पडदा दिसतोय. बटव्याचं तोंड ओढून बांधतात तसा टाका घालते. घालताना पडदा फुटला तर बाळ जाईल. नाही घातला तरी जाईल." माझा मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सुमतीच म्हणाली, "घाला, अम्मा."

टाका बसला. खाटेचा पायथा विटांवर चढवून तिला निजवून ठेवलं. शेजारी हूटगळ्ळीची एक मुलगी, तिलाही तसाच टाका. दोघी छताकडे बघत कन्नडात गप्पा मारायच्या.

त्यात आमच्या नणंदबाई ओटीचं सामान घेऊन आल्या. बोलण्यात त्यांना कोणी हरवलेलं नाही! "ऊठ गं, पाटावर बस. निजलेल्या बाईची ओटी भरतात का कुठे?" सुमती बिचारी हातावर भार देऊन उठायला लागली. तेवढ्यात सरोजाम्मा दारात.

"अय्यो! कोण उठवतंय तिला?"

"रीत आहे हो आमची."

"मग रीतही निजू दे. आणा तो नारळ इकडे."

त्यांनी स्वतः कुंकू लावलं, पदरात तांदूळ घातले, नारळ उशाशी ठेवला. मग शेजारच्या मुलीचीही तशीच ओटी भरायला लावली.

सुमतीला आठवा लागला त्याच सुमारास त्या मुलीचा टाका सुटला, बाळ गेलं. तिला वेगळ्या खोलीत हलवलं. जाता येता दिसायचं, सरोजाम्मा तिच्या खाटेजवळ स्टुलावर बसलेल्या असत. उशाशी तो नारळ तसाच.

आमची नात आठव्या महिन्यात आली, मांजराच्या पिल्लाएवढी. पण काय रडली म्हणता! मी म्हैसूरपाकाचा डबा घेऊन धावले. सरोजाम्मांनी तुकडा तोंडात टाकला, हसल्या, आणि हळूच म्हणाल्या, "अज्जी, त्या खोलीवरून जाताना डबा पदराखाली धरा."

आता नात नोकरीला लागलीय. सरोजाम्मांच्या हाताखाली शिकलेल्या मुलीही छान टाके घालतात म्हणे. पण टाका सुटला की त्या बाईजवळ बसायला अजून सरोजाम्माच जातात. म्हणून चामुंडीअम्माजवळ माझं एवढंच मागणं: सरोजाम्मांना भरपूर आयुष्य दे, त्यांचे गुडघे आणि पाठ धड ठेव. ते स्टूल फार बुटकं आहे.